गोगोलची चेटकीण आणि बाव्हाचा मुखवटा

सतराव्या शतकातील मोल्दाव्हिया. रात्रीच्या काळोखात मशाली पेटल्या आहेत. चेटूक केल्याच्या आरोपावरून आसा या सरदारकन्येला खांबाला बांधले आहे आणि तिला देहान्ताची शिक्षा फर्मावणारा न्यायाधीश तिचा सख्खा भाऊच आहे. आतल्या बाजूने अणकुचीदार खिळे असलेला सैतानाचा मुखवटा तिच्या चेहऱ्याकडे आणला जातो. या क्षणी कॅमेरा आसाच्या जागी जातो. ते खिळे आता प्रेक्षकाच्याच डोळ्यांच्या रोखाने पुढे सरकू लागतात. मग जल्लादाचा भलामोठा लाकडी हातोडा उचलला जातो.

इटालियन दिग्दर्शक मारिओ बाव्हा याच्या ‘ला मास्केरा देल देमोनिओ’ म्हणजे ‘सैतानाचा मुखवटा’ या चित्रपटाची ही सुरुवात. १९६० साली इटलीत प्रदर्शित झालेला हा कृष्णधवल चित्रपट पुढे ‘ब्लॅक संडे’ या इंग्रजी नावाने जगभर ओळखला गेला. निकोलाय गोगोलच्या ‘वीय’ या दीर्घकथेवर तो आधारलेला आहे, असे श्रेयनामावली सांगते. ‘वीय’ १८३५ साली ‘मीरगोरोद’ या संग्रहात प्रसिद्ध झाली. ती वाचून चित्रपट पाहणारा मात्र बुचकळ्यात पडतो, कारण कथेतील एकही प्रसंग जसाच्या तसा पडद्यावर येत नाही.

गोगोलचा नायक खोमा ब्रूत हा कीव्हच्या धर्मपाठशाळेतील एक गरीब, खाण्यापिण्याचा षोकीन विद्यार्थी. सुट्टीत घरी निघालेला असताना एक म्हातारी चेटकीण त्याच्या मानगुटीवर बसून त्याला रानोमाळ दौडवते. तो प्रार्थना पुटपुटत स्वतःची सुटका करून घेतो आणि तिला बेदम बडवतो. तेव्हा त्याच्या पायाशी पडलेली असते ती एक लावण्यवती तरुणी. पुढे एका श्रीमंत कोसॅक सरदाराची मुलगी मरते आणि तिच्या अंतिम इच्छेनुसार खोमाला तीन रात्री तिच्या शवापाशी बसून प्रार्थना वाचाव्या लागतात. तो स्वतःभोवती वर्तुळ आखून घेतो. शव उठते, फिरते, पण वर्तुळातला माणूस तिला दिसत नाही. तिसऱ्या रात्री भुतावळ ‘वीय’ला घेऊन येते. त्याच्या पापण्या जमिनीपर्यंत लोंबतात, त्या दुसऱ्यांनी उचलून धराव्या लागतात. ‘पाहू नकोस’ असे आतला आवाज बजावत असतानाही खोमा त्याच्याकडे पाहतो. नजरेला नजर भिडते, वर्तुळाचे संरक्षण संपते आणि खोमा भीतीनेच गतप्राण होतो.

बाव्हाच्या चित्रपटात धर्मपाठशाळा नाही, तीन रात्री नाहीत, वर्तुळ नाही आणि खुद्द वीयही नाही. चेटकिणीला जाळण्यासाठी रचलेली चिता पावसाने विझते, तिचे शव घराण्याच्या तळघरात ठेवले जाते आणि दोनशे वर्षांनी मॉस्कोच्या वैद्यकीय परिषदेला निघालेले दोन डॉक्टर वाटेत तिथे डोकावतात. वटवाघळावर काठी उगारताना वडीलधाऱ्या डॉक्टरकडून शवपेटीवरील क्रूस व काच फुटते, हात कापतो आणि रक्ताचे थेंब आसाच्या चेहऱ्यावर पडतात. पुढचा मामला व्हॅम्पायरपटांच्या ठरीव वाटेने जातो. गोगोलची खूण उरते ती नावांत. तरुण डॉक्टरचे आडनाव गोरोबेट्स हे खोमाच्या एका सोबत्याचे आहे, तर वडीलधाऱ्या डॉक्टर क्रुवायानला इटालियन आवृत्तीत खोमाचेच नाव मिळाले आहे.

तरीही याला नुसती नावाची उचलेगिरी म्हणणे अन्यायाचे ठरेल. गोगोलच्या कथेतील भीतीचे मूळ पाहण्यात आहे. दिसणे आणि पाहणे, या दोन्हींत मृत्यू दडलेला आहे. बाव्हाने नेमके तेवढेच उचलले. मुखवटा काढल्यावर आसाच्या चेहऱ्यावर खिळ्यांची भोके आहेत, डोळ्यांच्या जागी रिकाम्या खोबणी आहेत आणि त्यांतून विंचू सरपटत बाहेर येतात. रक्त मिळताच त्या खोबणींत हळूहळू डोळे भरून येतात. तिच्या शवपेटीला चेहऱ्यावर काच ठेवली होती, ती तिने उठायचा प्रयत्न केलाच तर वरचा क्रूस दिसावा म्हणून. इथल्या पिशाच्चाला मारण्याची रीतही छातीत खुंटी ठोकण्याची नाही. त्याच्या डाव्या डोळ्यात खिळा मारावा लागतो. एका लेखकाची कल्पना दुसऱ्या माध्यमात नेण्याचा हाही एक प्रामाणिक मार्ग आहे.

बाव्हाला हे जमले, कारण तो आधी छायालेखक होता. त्याचे वडील युजेनिओ हे शिल्पकार आणि इटालियन चित्रपटाच्या आरंभकाळातील चमत्कृतिदृश्यांचे जाणकार. फॅसिस्ट राजवटीत इटलीत भयपटांना थारा नव्हता. बोलपटाच्या युगातील तिथला पहिला भयपट मानला जाणारा ‘ई वाम्पीरी’ १९५७ साली आला. त्याचा दिग्दर्शक रिकार्दो फ्रेदा चित्रण अर्धवट टाकून निघून गेला आणि ते छायालेखक बाव्हाने पुरे केले. त्यातील तरुणी कॅमेऱ्यासमोर, एकाही तुकड्याचा जोड न देता, म्हातारी होते. युक्ती साधी होती. चेहऱ्यावर लाल रंगाने काढलेल्या सुरकुत्या लाल प्रकाशात दिसत नाहीत. प्रकाश हिरवा होऊ लागला की कृष्णधवल फिल्मवर त्या काळ्या उमटतात. हीच युक्ती ‘मुखवट्या’तही आहे. दिग्दर्शन आणि छायालेखन दोन्ही बाव्हाकडेच असल्याने प्रकाशयोजना इथे कथेच्या सेवेला नाही, तीच कथा सांगते. डॉक्टरला न्यायला आलेली घोडागाडी धुक्यातून संथगतीने, अजिबात आवाज न करता तरंगत येते. या एका दृश्यात जेवढी भीती आहे तेवढी अनेक अख्ख्या भयपटांत नसते.

दुसरा मोठा वाटा बार्बरा स्टील या इंग्रज अभिनेत्रीचा. आसा आणि तिच्या वंशातील निष्पाप कातिया या दोन्ही भूमिका तिच्याच आहेत. टपोरे डोळे आणि उंच गालफडे असलेला तिचा चेहरा प्रकाश कुठून येतो त्यानुसार कधी करुण, कधी हिंस्र भासतो. शेवटी नायकासमोर दोघी असतात आणि त्याला त्या ओळखता येत नाहीत. गळ्यातल्या क्रूसामुळे कातिया वाचते, पण तोवर त्याचा हात तिच्यावर उगारला गेलेला असतो. दोनशे वर्षांपूर्वी भावाने बहिणीला जाळायला काढले होते. आता प्रियकर प्रेयसीला मारायला निघतो. चित्रपट यावर भाष्य करत नाही, मात्र ही अस्वस्थता सुखान्तानेही पुसली जात नाही. प्रेमकथेचा भाग मात्र अगदीच फिका आहे, हे मान्य करावे लागते.

ब्रिटनमध्ये या चित्रपटावर बंदी आली आणि १९६८ साली तो वेगळ्या नावाने, काटछाट होऊन तिथे पोहोचला. अमेरिकेत १९६१ साली वितरकांनी काही दृश्ये कापली, रोबेर्तो निकोलोसीचे संगीत काढून लेस बॅक्स्टरचे घातले, तरी तो चांगला चालला. ‘वीय’शी अधिक इमान राखणारा चित्रपट १९६७ साली सोव्हिएत संघात निघाला. त्यात वर्तुळ आहे, तीन रात्री आहेत आणि लोंबत्या पापण्यांचा वीयसुद्धा आहे. इटलीत बाव्हाचा मुलगा लाम्बेर्तो याने १९८९ साली वडिलांच्याच चित्रपटाचे नाव घेऊन याच कथेचे आणखी एक रूपांतर केले.