पाहुणे, आंबे आणि मोजलेलं पाणी

परवा मुलीचा पुण्याहून फोन आला. नातवाच्या मित्रांना सुट्टीत घरी बोलवायचंय. पंधरा मुलं, शिवाय त्यांचे आईबाप. आणि हिची ऑफिसातून सुटका रात्री आठशिवाय नाही. "आई, तू नोकरी सांभाळून हे सगळं कसं जमवायचीस गं?"

मी जरा गप्पच झाले. कारण पहिल्या वर्षी मला ते मुळीच जमलं नव्हतं.

१९९४ साली माझी बदली चांदवडच्या शाखेत झाली. हे नोकरीनिमित्त नाशिकला, शनिवारी रात्री येणार. दोन मुलं माझ्याबरोबर. मुंबई-आग्रा रस्त्यावरचं गाव, डोंगर, रेणुकामातेचं देऊळ, अहिल्याबाईंचा रंगमहाल. ऐकूनच मी हरखले होते. मे महिना लागला आणि गावाची दुसरी ओळख झाली. जिल्हा एकच, पण तिकडे इगतपुरीला पाऊस नको नको करून सोडतो आणि इकडे चांदवड, येवला, नांदगावची माणसं वरून जाणारे ढग मोजत बसतात. आमच्या गल्लीत नळ यायचा चार दिवसांआड, तोही पहाटे. हंडे, कळशा, बादल्या, दुधाची किटलीसुद्धा भरून ठेवायची.

थोरल्याचा वाढदिवस मे महिन्यातला. आठवं संपून नववं लागणार होतं. नवं गाव, नवे शेजारी. बँकेतल्या बाईंच्या घरी काही कमी नव्हतं असं लोकांनी म्हणावं, ही माझी हौस. पुरी, श्रीखंड, बटाट्याची भाजी, मसालेभात, नाशिकहून एस.टी.नं आणलेला केक. पंचवीस ताटं शेजारून मागून आणली. वार शनिवार. तेव्हा शनिवारी बँका अर्धा दिवस चालत. पण मे म्हणजे पीक कर्जाचा हंगाम. अर्धा दिवस संपायला चार वाजले. घरी येऊन पदर खोचला तो रात्रीपर्यंत तसाच.

गंमत बघा, कर्जाच्या अर्जावर दुसऱ्याची ऐपत तपासणारी मी, घरातलं पाणी न मोजता पंचवीस पानं मांडून बसले होते! पहिली पंगत उठली. ताटं विसळायला शेवटची बादली मोरीपाशी ठेवली आणि पकडापकडी खेळत आलेल्या थोरल्याचा तिला धक्का लागला. पाणी सगळं मोरीत. माझा हात उठला. सगळ्यांसमोर, त्याच्या वाढदिवशी.

घरात एकदम शांतता. शेजारच्या आजी काही न बोलता गेल्या आणि दोन हंडे पाठवून दिले. मुलानं केकला हात लावला नाही.

पुढच्या वर्षी एप्रिलची परीक्षा संपली तसा तो म्हणाला, "या वर्षी माझा वाढदिवस नको." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, रुसवाही नव्हता. त्या एका वाक्यानं मला दोन रात्री झोप लागली नाही.

शेवटी आजींपाशी गेले. त्या म्हणाल्या, "बाई, तुला कुणी पुऱ्या मागितल्या होत्या का? पोरांना आंबे दे. आणि पाणी ज्याचं त्यानं आणावं. लाज कसली? हंडा सगळ्यांच्याच घरी मोजलेला असतो."

पाण्याचं बोलायला जीभ रेटेना. पाहुण्याला पाणी घेऊन या म्हणायचं, म्हणजे माझ्या सासूबाई असत्या तर! पण सांगितलं. येताना प्रत्येकानं आपला पेला आणि एक तांब्या पाणी आणायचं, ऊन उतरल्यावर गच्चीवर यायचं. कुणाला काही वाटलं नाही. एका वहिनींनी तर सुटकेचा श्वास सोडला; पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे मुंज होती.

बेत एवढाच. चोखायचे रायवळ आंबे, दुपारपासून घमेल्यात पाण्यात घातलेले. भेळभत्ता, त्यावर उन्हाळ कांदा आणि कैरी. कांदा चिरायचं काम हे आणि शाखेतले दोघे सहकारी यांच्याकडे. तिघेही डोळे पुसत होते. भेळ कागदावर, म्हणजे ताटं नाहीत, विसळणं नाही. पन्ह्यासाठी कैऱ्या आदल्या रात्रीच उकडून, गर गुळात कालवून ठेवला होता. आयत्या वेळी माठातलं पाणी घालायचं. आंब्यांच्या पाण्यात मुलांनी हात बुचकळले आणि ते पाणी तुळशीला गेलं.

गच्ची अजून तापलेली होती, सतरंजीखालून चटका लागत होता. मग डोंगराकडून वारा सुटला. कुणाच्या कोयी जास्त यावरून मुलांची भांडणं जुंपली. मध्येच लाइट गेले, त्याचंही कुणाला काही वाटलं नाही. मी बसले होते. वाढदिवसाला आई बसलेली असते, हे माझ्या मुलांना नवीनच होतं. थोरला शेजारी येऊन टेकला, एक आंबा घोळून, देठाचा चीक काढून माझ्या हातात दिला आणि पुन्हा पोरांत पळाला. मागच्या वर्षीचं मी त्याच्याशी तोवर बोलले नव्हते. त्या रात्री, पाहुणे गेल्यावर, अंधारात बोलले. "मला माहीत होतं पाणी नव्हतं ते," तो म्हणाला. ते ऐकून मला अधिकच वाईट वाटलं.

चांदवडला होतो तोवर दर मे महिन्यात आमची गच्ची भरायची. नंतर नंतर आमंत्रणही द्यावं लागत नसे.

हे सगळं मुलीला सांगितलं. तिचा हॉल बघून झाला होता, जेवणाचं कंत्राट, रिटर्न गिफ्ट, सगळ्याची यादी तयार होती. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आंबे किती लागतील गं?"

म्हटलं, मुलामागे पाच धर. मोठ्यांचे मोजू नकोस. आणि निरोप देताना सांग, जुने कपडे घालून या.