बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या नकोत

पहिल्या बाळाची झबली, टोपडी, दुपटी आपण ट्रंकेत जपून ठेवतो. कसर लागू नये म्हणून चार डांबरगोळ्याही टाकतो. पुढच्या बाळंतपणात तेच कपडे झटकून बाळाला घालतो. तो उग्र वास आपल्याला स्वच्छतेचा वाटतो. पण भगिनींनो, तो नॅप्थलीनचा वास आहे आणि तान्ह्या बाळाला तो घातक ठरू शकतो.

या गोळीची हवेत आपोआप वाफ होते व ती कपड्यांत मुरते. श्वासातून आणि कातडीतून ती बाळाच्या अंगात जाते. नॅप्थलीन तेलात विरघळते, म्हणून तेल चोळलेल्या अंगात ते अधिकच शिरते. काही मुलांच्या, विशेषतः मुलग्यांच्या, रक्तात जी-सिक्स-पी-डी हे द्रव्य जन्मतःच कमी असते. अशा बाळाच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात व कावीळ बळावते. बाळ पिवळे दिसले, दूध ओढीना, लघवी काळपट झाली, तर अंगाऱ्या-धुपाऱ्यात वेळ न दवडता दवाखाना गाठा. युरोपीय संघाने तर २००८ साली या गोळ्यांवर बंदीच घातली.

मग करावे काय? कसर खाते ती लोकर आणि रेशीम. सुती झबल्यांना गोळीची गरजच नाही. ती धुऊन, कडक उन्हात वाळवून, स्वच्छ फडक्यात बांधून ठेवा. लोकरीची कुंची ऊन देऊन घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. गोळ्यांत राहिलेले कपडे मात्र साबणाने धुऊन, वास पुरता जाईपर्यंत उन्हावाऱ्यात टाका. मगच बाळाच्या अंगात घाला. उरलेल्या गोळ्या पेपरमिंट समजून पोरे तोंडात घालतात, त्या आजच घराबाहेर काढा.