प्लेटलेट कमी, तरी गुठळीची भीती

2021मधल्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर आपल्याकडच्या बालरुग्ण विभागांत अशी बरीच मुलं आली. घरातल्या मोठ्यांना कोरोना होऊन महिना उलटलेला. मूल तेव्हा जेमतेम एखादा दिवस शिंकलं होतं, किंवा तेवढंही नाही. आणि आता तीन-चार दिवस हटत नाही असा ताप, लाल डोळे, पोटदुखी, अंगावर पुरळ. रिपोर्ट हातात पडला की आईवडील आधी प्लेटलेटचा आकडा शोधतात. डेंग्यूने आपल्याला तेवढं शिकवलंय. इथे मात्र तीच शिकवण वाट चुकवते.

‘कोरोनाची टेस्ट निगेटिव्ह आहे, मग हा कोरोना कसा?’ हा विषाणूचा थेट हल्ला नसतोच. संसर्गानंतर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्तीच बेभान होते. याला ‘एमआयएस-सी’ म्हणतात. त्यामुळे आरटी-पीसीआर बऱ्याचदा निगेटिव्ह येते आणि अँटीबॉडी मात्र सापडतात.

‘प्लेटलेट कमी आहेत आणि तुम्ही रक्त पातळ करायचं इंजेक्शन देताय?’ हा प्रश्न रास्तच आहे. पण प्लेटलेट का घटल्या, ते पाहावं लागतं. या आजारात रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते. गुळगुळीत असायला हवं ते अस्तर चिकट होतं, प्लेटलेट त्याला धरतात आणि खर्ची पडतात. म्हणजे आकडा खाली जात असतानाच गुठळीचा धोका वर चढत असतो. मग पपईच्या पानांचा रस पाजून काय साधणार? रक्तस्राव नसेल तर नुसता आकडा वर आणण्यासाठी प्लेटलेटच्या पिशव्या चढवण्यातही सहसा अर्थ नसतो.

याचं दुसरं टोक म्हणजे, ‘डी-डायमर वाढलाय, म्हणजे गुठळी झालीच.’ तसंही नाही. डी-डायमर हा गुठळीतल्या प्रथिनाचा विरघळलेला चुरा, पण नुसत्या सुजेनेही तो वाढतो. प्रत्यक्ष गुठळ्या किती मुलांना झाल्या? अमेरिकेतल्या सात रुग्णालयांचा अभ्यास 2021 मध्ये ‘ब्लड’ या नियतकालिकात आला. कोरोनाची लक्षणं घेऊन दाखल झालेल्यांत हे प्रमाण 2.1 टक्के, एमआयएस-सीमध्ये 6.5 टक्के, आणि दुसऱ्याच कारणाने दाखल होऊन तपासणीत कोरोना निघालेल्यांत 0.7 टक्के. आकडे लहान आहेत, पण गुठळी झालेल्यांपैकी 28 टक्के दगावले. बारा वर्षांपुढची मुलं, कॅन्सरचे रुग्ण आणि मोठ्या शिरेत नळी घातलेली मुलं जास्त धोक्यात होती. म्हणून हेपरिन, म्हणजे ते रक्त पातळ करायचं इंजेक्शन, सरसकट सगळ्यांना देत नाहीत, मूल पाहून देतात.

अ‍ॅस्पिरिनचंही तेच. एमआयएस-सीमध्ये ते कमी मात्रेत देतात, पण प्लेटलेट 80,000च्या खाली गेल्या किंवा रक्तस्राव असला तर टाळतात. तापासाठी घरच्या घरी मुलांना ते देऊच नये. फ्लू किंवा कांजिण्यांत त्याने मेंदू आणि यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

‘फेरिटिन (साठलेल्या लोहाचा निर्देशक) हजारात, म्हणजे लोह भरपूर, मग हिमोग्लोबिन कमी कसं?’ सूज असताना शरीर लोह कोठारात कोंडून ठेवतं. धान्य आहे, पण कोठाराला कुलूप. अशा वेळी बीट आणि टॉनिकचा मारा करून कुलूप उघडत नाही.

आणि वॉर्डात हमखास ऐकू येणारं: ‘रोज रक्त काढून काढूनच पोर पांढरं पडलं.’ यात थोडं तथ्य आहे. दहा किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम 800 मिलिलिटर. एका वेळचे एक-दोन मिलिलिटर काहीच नाहीत, पण आयसीयूत दिवसातून तीनदा काढलं तर बेरीज होते. म्हणून चांगल्या विभागांत छोट्या नळ्या वापरतात, तपासण्या एकत्र करतात. तरी कधी पुन्हा टोचावं लागतं. गोठण्याच्या तपासणीची निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंतच भरावी लागते. कमी भरली तर त्यातल्या रक्त न गोठू देणाऱ्या औषधाचं प्रमाण बिघडून रक्त उशिरा गोठतंय असा खोटा निकाल येतो. रक्तपेशी मोजायच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत बारीकशी गुठळी झाली, तर मशीन प्लेटलेट कमीच मोजतं. बाळ रडत असताना, शीर सापडत नसताना, रक्त थेंबाथेंबाने येत असताना नेमकं हेच होतं.