वाळूवरील खुणांचे वाचन

चेन्नई हे भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील गजबजलेले महानगर आहे. दरवर्षी साधारणपणे जानेवारी ते एप्रिल या काळात रात्रीच्या वेळी ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या अंडी घालण्यासाठी या किनाऱ्यावर येतात. त्याच वेळी तरुण स्वयंसेवकांचे गट वाळूतून चालत असतात. ते प्राणिशास्त्राचे तज्ज्ञ नसतात. मात्र कासवांची शिस्तबद्ध मोजणी कशी करावी, हे ते चालता चालता शिकतात.

या उपक्रमाची सुरुवात १९७० च्या दशकात मद्रासच्या सर्पोद्यानाशी जोडलेल्या तरुणांनी केली. त्यांच्यापैकी सतीश भास्कर यांनी पुढे देशाचा सुमारे ४००० किलोमीटर किनारा पायी पालथा घालून कासवांची पाहणी केली. १९८८ पासून ‘स्टुडंट्स सी टर्टल कन्झर्वेशन नेटवर्क’ ही विद्यार्थ्यांची संघटना चेन्नईत हे कार्य करीत आली आहे. नीलांकरै ते बेसंट नगर हा त्यांच्या फेरीचा प्रमुख मार्ग होय.

नव्या स्वयंसेवकाला प्रथम वाळूवरील खुणा वाचाव्या लागतात. रिडले कासव पुढचे-मागचे पाय आळीपाळीने टाकीत सरकते. त्यामुळे डाव्या व उजव्या बाजूंचे ठसे समोरासमोर न उमटता मागेपुढे उमटतात. एक माग समुद्राकडून येतो, दुसरा परत जातो. या दोहोंच्या मध्ये वाळू विस्कटलेली असेल, तर तेथे घरटे असण्याचा संभव असतो. काठी अलगद टोचून पाहिली असता भुसभुशीत वाळू हाताला जाणवते. सुमारे दीड फूट खोलीवर शंभर-सव्वाशे अंडी सापडतात. ती काही तासांच्या आत, न हलवता-फिरवता, कुंपण घातलेल्या सुरक्षित जागेत पुरली जातात. सुमारे ४५ ते ५५ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. ती उजेडाकडे धावतात. शहरातील दिव्यांमुळे ती समुद्राऐवजी रस्त्याकडे वळू शकतात. म्हणून त्यांना समुद्रापर्यंत सुखरूप पोहोचवावे लागते. हे कासव वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असल्याने अंडी हाताळण्यास वनविभागाची परवानगी आवश्यक असते.

मोजणीत सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे सातत्य. एकही घरटे न आढळलेली रात्रसुद्धा वहीत नोंदवावी लागते. केवळ यशस्वी रात्रीच नोंदविल्या, तर कासवे खरोखर कमी झाली की पाहणाऱ्यांचे पाय थांबले, हे कोणालाही सांगता येणार नाही. मृत कासवांचीही गणती करावी लागते, आणि एकच कासव दोनदा मोजले जाऊ नये याची दक्षता घ्यावी लागते.

या दक्षतेचे मोल २०२५ च्या जानेवारीत दिसून आले. त्या महिन्यात चेन्नई व आसपासच्या किनाऱ्यावर हजाराहून अधिक मृत कासवे वाहून आली. कासवाला श्वास घेण्यासाठी पाण्याबाहेर डोके काढावे लागते. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकून राहिल्यास ते गुदमरते. अशा जाळ्यांना कासवांच्या सुटकेसाठी वाट ठेवता येते. पूर्वीच्या नोंदी हाती असल्यामुळेच या मृत्यूंचे असाधारण प्रमाण लक्षात आले आणि उपायांची मागणी पुराव्यानिशी करता आली.

महाराष्ट्रातही रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ पासून ग्रामस्थ आणि ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने कासवांच्या घरट्यांचे रक्षण केले आहे. किनारे दोन असले, तरी शिकवण एकच आहे. निसर्गरक्षणासाठी पदवीच हवी असे नाही. डोळस निरीक्षण, प्रामाणिक नोंद आणि रोज पुन्हा चालण्याची तयारी असेल, तर सामान्य माणसाची वहीसुद्धा मुक्या जिवांच्या बाजूने साक्ष देऊ शकते.