विहिरीच्या तळाचे सत्य

अप्रिय सत्य दुसऱ्याविषयी सांगावयाचे असेल तर वक्त्याला जोर चढतो. आपल्याच विहिरीविषयी बोलावयाचे झाले म्हणजे मात्र जीभ अडखळते. जत तालुक्यात पाण्याची चर्चा निघाली की याचा प्रत्यय येतो.

जतच्या तक्रारी खोट्या आहेत, असे आमचे म्हणणे नाही. डफळ्यांचे हे संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे म्हैसाळला कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी भागाकडे आणण्याची योजना निघाली, ती कित्येक वर्षे रेंगाळली, आणि पाणी आले तरी वीजबिलाच्या थकबाकीपायी पंप बंद पडत राहिले. २०१६ च्या एप्रिलात याच जिल्ह्यातल्या मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी गेली. सीमेवरील गावांनी तर पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी त्यांचा उच्चार केला, तेव्हा कोठे मुंबईत धावपळ उडाली. हे सरकारला ऐकविलेच पाहिजे. ऐकविले की टाळ्याही पडतात.

टाळ्या न पडणारा भाग पुढेच आहे. या तालुक्यात वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे १०,००० लिटर; तेव्हा वर्षाकाठी हेक्टरी ५० लाख लिटर. त्यातले बरेचसे वाहून जाते, उन्हाने उडते. मुरते ते थोडे. पाटाने भिजविलेल्या उसाला हेक्टरी दोन कोटी लिटरांच्या आसपास पाणी लागते. म्हणजे चार हेक्टरांवरचा सगळा पाऊस, थेंबही न सांडता, एका हेक्टराच्या उसाने प्यावयाचा! द्राक्षे-डाळिंबांना ठिबकने पुष्कळ कमी पाणी पुरते, हे खरे. पण वाचलेल्या पाण्यावर दुसरी बाग उभी राहते.

आणि बोअर आणखी खोल जाते. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. शेकडो फूट खाली गेल्याने नवे पाणी निर्माण होत नाही. पुष्कळदा शेजाऱ्याच्या विहिरीतलेच ओढले जाते, नाहीतर नुसता फुफाटा वर येतो. २००९ च्या भूजल कायद्याने शेतीसाठी ६० मीटरहून खोल विहिरीला मनाई केली आहे. तक्रार कोण करणार? तक्रार करू शकणाऱ्याचे बोअरही तितकेच खोल असते. ज्याला बोअर परवडत नाही त्याची आडातली बादली कोरडी येते, आणि तो कोयता घेऊन नदीकाठचा ऊस तोडावयास जातो.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारलाही पाऊस बेताचाच. तेथील ग्रामसभेने शेतीसाठी बोअर आणि उसासारखी तहानलेली पिके वर्ज्य केली. पावसाळा सरला की गावात पाणी किती आहे ते सभेपुढे मांडतात, पिण्याचे आधी बाजूला काढतात आणि मग पिके ठरवितात. भांडणे तेथेही होत असतील, पण ती पेरणीपूर्वी होतात.

जतच्या गावांनीही रब्बीच्या तोंडावर प्रत्येक विहिरीची पातळी चावडीच्या फळ्यावर लिहावी. आरंभ सरपंचांच्या विहिरीपासून करावा.