विषादावरील गोळी व घरांतील वडीलधारी मंडळी

आमच्या चुडाव्यास आजार दोनच प्रकारचे मानले जातात. एक अंगाचा, आणि दुसरा 'मनावर घेतल्याचा'. पहिल्यास डॉक्टर, दुसऱ्यास उपदेश. आमची सारी हयात शाळेंत मुलांस उपदेश करण्यांत गेली. तेव्हां दुसऱ्या प्रकारच्या आजारावर आपला अधिकार चालतो अशी आमची समजूत असल्यास नवल नाहीं. ती समजूत तीन वर्षांपूर्वीं आमच्याच घरांत कशी अंगाशीं आली, तें येथें सांगावयाचें आहे.

आमचे वडील बंधु वारल्यानंतर वहिनींची झोप गेली. पहांटे तीन वाजतां जाग यावयाची, ती यावयाचीच. जेवणावरील वासना उडाली, देवघरांतील वात लावावयाची राहूं लागली, नातवंडें जवळ आलीं तरी नकोशीं वाटूं लागलीं. शोकच तो, कालांतरानें ओसरेल, म्हणून आम्हीं दोनतीन महिने वाट पाहिली. मग एके दिवशीं त्या सूनबाईस म्हणाल्या, "मी गेलें तर तुमची एक भाकरी तरी वांचेल." सूनबाई शहाणी, ती हें ऐकून रडत बसली नाहीं, तिनें त्याच रात्रीं आमच्या पुतण्याच्या कानीं घातलें. दुसऱ्या दिवशीं त्यानें आईस नांदेडास मनोविकारतज्ज्ञांकडे नेलें.

डॉक्टरांनीं एसिटालोप्राम नांवाची गोळी दिली. आरंभीं ५ मिलिग्रॅम, पुढें १०. गुण येण्यास दोन ते चार आठवडे, क्वचित् अधिकहि लागतील, मळमळ व डोकेदुखी मात्र आधीं येईल व बहुधा आठदहा दिवसांत जाईल, असें त्यांनीं बजावलें होतें. ह्या औषधांची ही उलटी चाल ठाऊक नसल्यामुळें पुष्कळ घरांतून पहिल्याच आठवड्यांत गोळ्या फेंकल्या जातात. वहिनींनीं धीर धरला. दीड महिन्यानें त्या सुनेच्या हातची आमटी अळणी झाल्याबद्दल बोलल्या, तेव्हां घरांत सर्वांस आनंद झाला.

आणि येथें आम्ही मध्यें पडलों. चातुर्मास लागावयाचा होता. आम्हीं म्हटलें, "वहिनी, आतां तुम्ही बऱ्या झालांत. ह्या गोळ्यांची संवय लागते. मन खंबीर करा आणि सोडा त्या." वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही म्हणतां तर ठेवतें." चौथ्या दिवशीं त्यांस चक्कर येऊं लागली. मान वळविली कीं डोक्यांत विजेचा झटका बसल्यासारखें होई. झोप पुन्हां गेली, चिडचिड वाढली, आणि हा अर्धांगाचा झटका तर नव्हे ह्या भीतीनें घर हादरलें. आमचें स्टेशन पूर्णा व नांदेड ह्यांच्या दरम्यान आहे. मिळेल त्या गाडीनें आम्हीं त्यांस नांदेडास नेलें. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, "गोळी कोणीं बंद केली?" वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. आम्हांस बोलावें लागलें.

त्या दिवशीं आमचा जो वर्ग झाला, त्यांतील सार वाचकांपुढें ठेवतों. मेंदूंत सेरोटोनिन नांवाचें एक द्रव्य आहे. ह्या वर्गांतील गोळ्या त्याचें कार्य वाढवितात, आणि कांहीं आठवड्यांत मेंदू त्या नव्या व्यवस्थेस सरावतो. ती व्यवस्था एकाएकीं मोडली कीं वहिनींस झालें तसें होतें. ह्यास व्यसन म्हणतां येत नाहीं. दारूप्रमाणें तिची ओढ लागत नाहीं, कीं मात्राहि दिवसेंदिवस वाढवावी लागत नाहीं. तथापि सोडावयाची ती डॉक्टरांच्या सांगण्यानें, पायरीपायरीनें, आठवडे किंवा महिने घेऊन. पॅरॉक्सेटीन व व्हेन्लाफॅक्सीन हीं औषधें सोडतांना विशेष त्रास देतात. फ्लुओक्सेटीन शरीरांत पुष्कळ दिवस टिकत असल्यामुळें कमी देतें. त्रास सोडल्यापासून दोनचार दिवसांत सुरू झाला तर तो बहुधा गोळी तुटल्याचा. मूळ दुखणें परततें तें सहसा सावकाश. शिवाय बरें वाटूं लागल्यावरहि निदान सहा महिने औषध चालू ठेवावयाचें असतें. आम्हीं तें दीडदोन महिन्यांतच तोडलें होतें.

मनाच्या दुखण्यास गोळी कसली, असें विचारणारे आमच्यासारखे पुष्कळ असतील. विषाद हा रोग वाढविणाऱ्या गोष्टींत अग्रगण्य होय, हें चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत सांगितलेलें आहे. आम्हीं तें वाचलें होतें आणि तरीहि वहिनींस उपदेश केला! आधुनिक औषध मात्र अपघातानें सांपडलें. १९५२ च्या सुमारास अमेरिकेंत क्षयाच्या रोग्यांस इप्रोनियाझिड देतांना त्यांची चित्तवृत्ति उल्हसित झालेली दिसली; १९५७ मध्यें स्वित्झर्लंडांतील रोलांड कून ह्यांनीं इमिप्रामीनचा गुण प्रसिद्ध केला. फ्लुओक्सेटीनला अमेरिकेंत १९८७ मध्यें मान्यता मिळाली, आणि तेथून आजच्या गोळ्यांचा प्रसार झाला.

खरा धोका दुसऱ्याच ठिकाणीं असतो, आणि तें ठिकाण म्हणजे एकत्र कुटुंबाचा औषधांचा डबा. त्यांत सर्वांचें सर्व असतें. वहिनी गुडघ्यासाठीं त्यांतून डायक्लोफेनॅक घेत, आणि तें आम्हीं कोणीं डॉक्टरांस सांगितलें नव्हतें. अशी वेदनाशामक गोळी किंवा ॲस्पिरिन ह्या औषधाबरोबर नित्य पोटांत गेल्यास जठरांत रक्तस्राव होण्याचा संभव वाढतो. रक्तदाबासाठीं त्यांस लघवी वाढविणारी गोळीहि होती. वृद्धांत ह्या दोहोंनीं मिळून रक्तांतील सोडियम उतरतें, मग माणूस भ्रमिष्टासारखें बोलतें, तोल जाऊन पडतें, आणि घरचे म्हणतात 'वय झालें'. डॉक्टरांनीं लगेच रक्त तपासविलें. ट्रामाडॉल ही दुखण्यावरील गोळी व डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलें खोकल्याचें औषध हींहि विचारल्यावांचून बरोबर घेऊं नयेत; सेरोटोनिन फाजील वाढून कंप, घाम, ताप व बेचैनी उद्भवूं शकते. वैद्यांच्या काढ्यांचीं व चूर्णांचीं नांवेंहि डॉक्टरांस सांगावींत. त्यांत लपविण्यासारखें कांहीं नाहीं. मद्य तर वर्ज्यच.

अॅमिट्रिप्टिलीन ही जुन्या वर्गांतील गोळी पुष्कळ घरांत अर्धशिशीसाठीं किंवा शिरांच्या दुखण्यासाठीं असते. पुरःस्थ ग्रंथि वाढलेल्या आमच्या वयाच्या गृहस्थांस तिनें लघवी अडते. कांचबिंदूच्या कांहीं प्रकारांत ती घातक. एकदम अधिक गोळ्या पोटांत गेल्यास हृदयाची गति बिघडून मृत्यु येऊं शकतो. म्हणून ती पोरांच्या व खिन्न माणसाच्या हातीं लागणार नाहीं अशी कुलुपांत ठेवावी. वहिनींच्या गोळ्या आतां सूनबाईच्या कपाटांत असतात.

पंचविशीच्या आंतील मुलामुलींविषयीं एक इशारा आहे. औषध सुरू झाल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर पहिल्या कांहीं आठवड्यांत त्यांच्यांपैकीं थोड्यांच्या मनांत आत्मघाताचे विचार वाढतात. अमेरिकेच्या औषधनियंत्रकांनीं २००४ मध्यें मुलांसाठीं व २००७ मध्यें तरुणांसाठींहि हा इशारा छापविण्यास सांगितलें. ह्याचा अर्थ औषध देऊं नये असा नव्हे. त्या दिवसांत मुलास एकटें सोडूं नये व डॉक्टरांस लवकर भेटावें असा आहे. पूर्वीं कधीं झोपेविना अतिउत्साहाचे दिवस येऊन गेले असतील, तर तेंहि आधींच सांगावें; तशा माणसास ही गोळी एकटी दिल्यास उन्माद उसळतो. गर्भवती व बाळंतीण ह्यांनीं स्वतःच्या मनानें ना घ्यावी ना सोडावी. सर्ट्रालीनसारखी गोळी चालू असतां पुष्कळ माता बाळास पाजतात. आणि रात्रींबेरात्रीं मन कासावीस झालें तर सरकारची 'टेलि-मानस' ही विनामूल्य दूरध्वनिसेवा १४४१६ ह्या क्रमांकावर २०२२ पासून चालू आहे. तेथें मराठींतहि बोलतां येतें.

चिठ्ठीवांचून ह्या गोळ्या विकण्यास कायद्यानें मनाई आहे. परंतु जुनी चिठ्ठी दाखवून जाऊबाईंसाठींहि त्याच आणणारे लोक आम्हांस ठाऊक आहेत.

वहिनींची गोळी पुन्हां सुरू झाली. मग ध्यानांत आलें कीं, उपवासाच्या दिवशीं औषध कसें घ्यावें म्हणून त्या एकादशी व चतुर्थीस ती पूर्वींहि टाळीत, आणि दुसऱ्या दिवशीं भरपाई म्हणून दोन घेत! दोन्ही चूक. राहिली तर आठवतांच घ्यावी. पुढची वेळ जवळ आली असल्यास राहिलेली सोडून द्यावी, दुप्पट करूं नये. औषधानें उपवास मोडत नाहीं, हें आम्हीं त्यांस शास्त्राधारें समजावून दिलें. ह्या एका बाबतींत मात्र आमचा उपदेश उपयोगीं पडला. मागच्या आषाढीस त्यांनीं स्नान करून तुळशीस पाणी घातलें, गोळी घेतली, आणि मग सूनबाईस विचारलें, "साबुदाणा भिजला कीं नाहीं?"