अंधारात दार कुठे?

पोहे संपले? जिरावन मसाल्याची बोटं पूस आणि चल माझ्याबरोबर! पावसाळ्यात इंदूरच्या बाहेर पडलं, की नुसतं सोयाबीनच सोयाबीन. तिथल्या बांधावर एक वाळका, पोकळ बोरू आहे. आत कोण राहतं, ओळख बघू!

कुंभारीण! गांधीलमाशीची चुलतबहीण. पण हिला ना पोळं, ना राणी, ना मैत्रिणी. सगळी कामं एकटीनंच!

नळीत शिरून ती आधी एक अंडं टांगते. बारीक धाग्यानं, झुंबरासारखं! मग अळ्या पकडून आणते. नांगी टोचते, पण अळी मरत नाही, नुसती लुळी पडते. मेली तर सडेल ना! बाळाचा खाऊ ताजा राहायला हवा, आणि फ्रीज कुठून आणणार? खोली भरली, की चिखलाची भिंत. पुढे दुसरी खोली, तिसरी खोली... आगगाडीच झाली की!

पण या गाडीला दार एकच, पुढच्या टोकाला. मागचं बाळ आधी मोठं झालं तर? अडकलंच! म्हणून आई मागे मुली ठेवते आणि दाराजवळ मुलगे. मुलगे लवकर वाढतात आणि आधी भुर्रर्र! मुलगा की मुलगी, हे ठरवते आईच. आणि ऐक, मुलाच्या अंड्याला बाबा लागतच नाहीत!

आता खरी गंमत. आत किट्ट काळोख. दार कुठल्या बाजूला, हे बाळाला कसं कळणार? बाण काढलाय? छे! भिंत लिंपताना आई उभी असते बाहेर. म्हणून बाहेरची बाजू गुळगुळीत होते, आतली राहते खरखरीत. बाळ चाचपून बघतं. खरखरीत लागलं? म्हणजे दार तिकडे! डोकं तिकडे करूनच ते कोशात झोपतं. केनेथ कूपर या शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये हे गुपित सांगितलं. चिखलातलं आईचं पत्रच ते!

आणि सोयाबीनचं काय? चक्री भुंग्याची अळी त्याचं खोड आतून पोखरते. कुंभारीण तसलं काही करत नाही हं! तिला आयती वाळकी नळी पुरते. उलट पानं कुरतडणाऱ्या अळ्याच ती उचलून नेते. फुकटची राखणदार! फवारणीच्या औषधानं मात्र बिचारी तीही मरते.

बोरूच्या तोंडाला चिखलाचं बूच दिसलं, तर टोकरू नकोस. शेवटच्या डब्यातली ताई अजून झोपलीय!